हेड हंटर्स, काळी पाच आणि बियरची बाटली

मागच्या अंकात अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या ‘हेड हंटर्स’ या १९७३ च्या फंक अल्बमबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या आणि वर ‘हा ऐकला नसेल तर कान वाया गेले’ असा आगाऊपणा केला. (फंक म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचाचं संगीत.) त्याची फेड आता चालू आहे. एवढी पत्रं मला बालगंधर्वांवर लिहिल्यावरसुद्धा आली नव्हती. सगळ्यांना पुरून उरणं शक्य नाही. ज्या पत्रांनी मला कपाटातून तबकडी पुन्हा काढायला लावली, तेवढीच इथे घेतो. मी समीक्षक नाही. तीस वर्षं मुंबईत रेकॉर्डिंगच्या काचेमागे बसलेला, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ऑर्गन बडवणारा माणूस आहे. उत्तरं त्याच बेताची समजा.

मी चाळीस वर्षं पेटी शिकवतो. तुमचं वाचून मुलानं ‘हेड हंटर्स’ची एलपी आणून दिली. पहिलंच गाणं पंधरा मिनिटांचं, आणि त्यात दोनच ठिकाणी ये-जा चाललेली. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा हिनेच बंद केलं. यात नेमकं ऐकायचं काय? — एक पेटीशिक्षक, सांगली

गुरुजी, आधी पेटी काढा. काळी पाचचा सा धरा. आता सावकाश वाजवा: मंद्र ध, कोमल नि, शुद्ध नि, आणि सा वर टेका. जरा थांबा. मग कोमल नि, सा, असे दोन छोटे टोले. पुन्हा तसंच वरून: रे, कोमल ग, शुद्ध ग, आणि मध्यमावर टेका. थांबा. कोमल ग, म. संपलं. मोजले तर बारा स्वर भरतात. ‘कमीलियन’ म्हणजे सरडा, आणि त्या सरड्याचा कणा एवढाच.

टेकायच्या जागा दोन, सा आणि मध्यम. खाली उभं असलेलं स्वरांचं घर थेट आपल्या काफीचं आहे: गंधार, निषाद कोमल, धैवत शुद्ध. चढताना दोन्ही निषाद आणि दोन्ही गंधार लागतात, पण ठुमरीवाले काफीत तेही करतातच, तेव्हा तुम्हाला धक्का बसू नये. हॅनकॉकना काफी ठाऊक होता असं मी म्हणत नाही. तुमच्या बोटांना हा मुलूख परका नाही, एवढंच.

आता राहिला ‘विस्तार कुठे?’ हा प्रश्न. तुम्ही तो स्वरांत शोधताय, आणि तो आहे वेळेत. गाण्याच्या सुरुवातीला ते बारा स्वर सिंथसायझरवर एकटेच चालतात. मग हार्वे मेसनचे ड्रम्स येतात. मग एकेक जण दार ढकलून आत येतो, आणि येणारा प्रत्येक जण आधीच्याच्या दोन शब्दांमध्ये जी फट आहे तिथेच बसतो. कोणी कोणाच्या अंगावर बसत नाही. सॅक्सोफोनवर धून येते ती या सगळ्यांनी आपापली आसनं मांडल्यावर. पुढे अर्ध्यावर हे सगळं चलन बाजूला पडतं, ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो वेगळ्याच ढगात शिरतो आणि शेवटाकडे ते बारा स्वर परत येतात. ते परत येतात तेव्हा मला अजूनही समेवर आल्यासारखं ‘हां’ म्हणावंसं वाटतं.

आपण गाण्यात ‘जागा’ म्हणतो ती घ्यायची असते. फंकमधली जागा सोडायची असते. हे मला कळायला काय लागलं ते सांगतो.

१९७८ मध्ये बोटीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माझ्या एका गोवेकर मित्राने या अल्बमची कॅसेट आणली. आम्ही वेडे झालो. तीन वर्षांनी गिरगावातल्या एका गणेशोत्सवात आमचा ऑर्केस्ट्रा होता. मध्यंतरानंतर लोक जमेपर्यंत दहा मिनिटं हा तुकडा वाजवायचा असं ठरलं. सिंथसायझर भाड्याने आणला. ऑर्गनवर मी, गिटारवर एक, बाँगोवर एक, ट्रंपेटवर एक. तालमीतच कळलं की काहीतरी भयंकर होतंय. स्वर सगळे बरोबर, ताल बरोबर, आणि तरी गाणं चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं. लावणीच्या गाण्यांसाठी आलेले ढोलकीवाले मामा कोपऱ्यात शाई बघत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुमच्यातला कोण बोलतोय आणि कोण ऐकतोय?”

“म्हणजे?”

“सगळेच बोलताय. कीर्तनात बुवा बोलतात तेव्हा टाळकरी गप असतात ना?”

मग त्यांनी मला ऑर्गनवर चार मात्रांत फक्त दोन टोले द्यायला सांगितलं. मी चौथ्या आवर्तनातच तिसरा टोला घातला. हात ऐकेनात. भरलेल्या ताटाची सवय झालेला माणूस उपासाला बसवल्यासारखी माझी गत. शेवटी मंडळाच्या स्टेजवर आम्ही ते वाजवलंच नाही. मध्यंतरानंतर नेहमीचंच सुरू झालं आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

तेव्हा गुरुजी, तिसऱ्यांदा लावाल तेव्हा एकच वाद्य धरा आणि ते कधी गप्प बसतं ते मोजा. घरच्यांनी बंद करायला लावलं तर दुसरी बाजू लावा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मी बेस गिटार शिकते. ‘कमीलियन’मधला तो ‘चिक-चिक’ वाजणारा गिटारवादक कोण? कव्हरवर त्याचं नावच नाही. — एक विद्यार्थिनी, नाशिक

नाव नाही, कारण तो माणूसच नाही. या अख्ख्या अल्बमवर गिटार नाही. तुला जे ऐकू येतं त्यात दोन सोंगं आहेत.

एक सोंग होनर कंपनीच्या डी-सिक्स क्लॅव्हिनेटचं. दिसायला छोट्या पेटीसारखं, पण आत प्रत्येक पट्टीखाली एक खरी तार असते. पट्टी दाबली की रबराचं एक टोक तारेला खाली लोखंडावर दाबून धरतं, तार वाजते आणि पिकअप तो आवाज उचलतो. अगदी इलेक्ट्रिक गिटारसारखा. बोट उचललं की तारांत गुंफलेली लोकर आवाज जागच्या जागी गिळते. म्हणून ते इतकं कोरडं, तुटक वाजतं. हॅनकॉक त्यावर गिटारवाल्याच्या उजव्या हाताचं काम करतात.

दुसरं सोंग तुझ्या जातकुळीतलं आहे. बारा स्वरांची ती ओळ बेस गिटारवर नाहीच. ती हॅनकॉक एआरपी ओडिसी या सिंथसायझरवर वाजवतात. मग बिचाऱ्या पॉल जॅक्सनने काय करायचं? खालची खोली दुसऱ्याने बळकावली, तर तो माळ्यावर चढला. बेसच्या वरच्या पट्ट्यांत तो असे आखूड तुकडे वाजवतो की ऐकणारा शपथेवर सांगेल, ही गिटार. ओकलंडचा माणूस. २०२१ मध्ये जपानमध्ये गेला. आयुष्याचा मोठा काळ तिथेच राहत होता. तू बेस शिकतेयस तर याच अल्बमवरचं ‘स्लाय’ त्याच्यासाठी ऐक. तिथे तो एकदा म्हटलेलं पुन्हा तसंच म्हणत नाही, आणि तरी पाया हलत नाही. ते उतरवून काढायला बसलीस तर तीन महिने जातील. जाऊ देत.

बाकीचे कोण, तेही सांगून टाकतो: ड्रम्सवर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत राबणारा हार्वे मेसन, तालवाद्यांवर बिल समर्स, आणि टेनर, सोप्रानो, सॅक्सेलो, बेस क्लॅरिनेट, आल्टो फ्लूट असं सगळं एकट्याने फुंकणारा बेनी मॉपिन. पाच माणसं, चार गाणी, साधारण बेचाळीस मिनिटं.

हॅनकॉक हे माइल्स डेव्हिसच्या पंचकातले. तिथून घसरून नाचाच्या संगीतात आले ते पैशासाठी, असं एका जुन्या जॅझप्रेमींनी मला ठणकावून सांगितलं. खरं काय? — एक वाचक, डोंबिवली

तुमचे जॅझप्रेमी एकटे नाहीत. अल्बम आला तेव्हा अमेरिकेतल्या जॅझवाल्या मंडळींनी हेच म्हटलं: विकला गेला. शास्त्रीय गवयाने सिनेमात गायलं की आपल्याकडे जे कुजबुजतात, तेच तिथे छापून आलं.

पैशाचा मुद्दा खोटा नाही, पण तो उलटा धरलाय. १९६३ ते १९६८ हॅनकॉक माइल्सकडे, म्हणजे जॅझमधल्या त्या बड्या ट्रंपेटवाल्याच्या पाच जणांच्या संचात होते. त्यानंतर त्यांनी सहा जणांचा संच बांधला. स्वाहिली नावं घेतली, हॅनकॉकचं नाव ‘म्वांडिशी’. ‘म्वांडिशी’, ‘क्रॉसिंग्ज’, ‘सेक्स्टंट’ हे तीन अल्बम त्या काळातले. संगीत अवकाशात तरंगणारं, लांबच लांब, कधी कधी भयंकर सुंदर. पॅट्रिक ग्लीसन नावाचा सिंथसायझरवाला त्यांना याच काळात भेटला आणि हॅनकॉकना या यंत्रांची चटक लागली. पण सहा-सात माणसं, त्यात यंत्रांचं ओझं गावोगाव फिरवायचं, आणि समोर रसिक मोजके. संच परवडेना. १९७३ मध्ये त्यांनी तो मोडला. ज्याच्या अंगावर नाटकाचा संच पोसण्याची वेळ आलीये, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मात्र निव्वळ खिशाकडे बघून कोणी असलं संगीत करत नाही. हॅनकॉकनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी: त्यांच्या संचातला बेसवादक बस्टर विल्यम्स याच्यामुळे १९७२ मध्ये ते निचिरेन बौद्ध पंथाकडे वळले. त्या पंथात ‘नम म्योहो रेंगे क्यो’ हा जप करतात. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचाच तो जप. एकदा जप करताना त्यांच्या डोक्यात फंकवाल्या स्लाय स्टोनचं ‘थँक यू’ हे गाणं वाजायला लागलं. आपण स्लायच्या बँडमध्ये बसून वाजवतोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मजा वाटली. मग चित्र फिरलं: आपला बँड, आणि तो असलं फंक वाजवतोय. ते मात्र मनाला रुचेना. का रुचेना, हे त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर मिळालं की हा आपला सोवळेपणा आहे. जन्मभर ज्या जॅझवाल्यांच्या नाकं मुरडण्याचा त्यांना राग होता, तेच नाक त्यांच्याही चेहऱ्यावर होतं.

मला या हकिकतीत आवडतो तो पुढचा भाग. सोवळं सोडायचं म्हणून त्यांनी जॅझवाल्यांना धरून ‘जरा फंक वाजवा’ असं सांगितलं नाही. ज्यांच्या हाडात फंक आहे आणि ज्यांना जॅझही येतं असे लोक शोधले. जुन्या संचातून फक्त मॉपिन राहिला. म्हणजे लावणी बसवायची तर गायिकेला ठेका शिकवत न बसता तमाशातली बाई आणली. आमच्या स्टुडिओत नेमकं उलटं व्हायचं, आणि रिळांच्या रिळा वाया जायच्या.

ध्वनिमुद्रण १९७३ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालं, वॉली हायडर स्टुडिओ आणि ग्लीसनचा ‘डिफरंट फर’ या दोन ठिकाणी. निर्मितीला हॅनकॉकबरोबर डेव्हिड रुबिन्सन, आवाजाला फ्रेड कटेरो. कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी अल्बम बाजारात आणला. तो अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या अल्बमच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढे दहा लाखांवर खपला. जॅझच्या खात्यात असा खप क्वचितच दिसतो. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडं आज संगीत विद्यालयात पहिल्या वर्षाला ‘कमीलियन’ वाजवतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००७ च्या यादीत हा अल्बम घेतला.

तुमच्या जॅझप्रेमींना एक विचारून बघा: पंधरा मिनिटांचं, शब्द नसलेलं गाणं हे पैसे कमावण्याचं साधन म्हणून कोणत्या शहाण्याने निवडलं असतं? रेडिओसाठी त्याचा कापून छोटा तुकडा करावा लागला.

‘वॉटरमेलन मॅन’च्या सुरुवातीला बासरीसारखं, उचकी लागल्यासारखं काहीतरी वाजतं. ते काय वाद्य आहे? आणि हे गाणं तर मी दुसऱ्याच चालीत ऐकलंय. — एक वाचक, कोल्हापूर

चाल तीच, अंगरखा वेगळा. हे गाणं हॅनकॉकनी १९६२ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमसाठी केलं. शिकागोतल्या त्यांच्या लहानपणी कलिंगडवाल्याची गाडी दगडी गल्लीतून खडखडत यायची, आणि बाया वरून त्याला हाक मारायच्या. चाकांचा खडखडाट हा ताल आणि ती हाक ही धून. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही; ‘कल्हईऽऽवाला’ची हाक मला आजही सुरासकट येते. पुढच्याच वर्षी मोंगो सांतामारिया या क्यूबन तालवादकाने ते गाणं लॅटिन ठेक्यात वाजवलं आणि ते जोरात चाललं. त्याच्या पैशातून हॅनकॉकनी कोब्रा ही स्पोर्ट्स गाडी घेतली. गाण्याचे प्रकाशनहक्क कंपनीला न देता स्वतःकडे ठेव, असं डोनल्ड बर्ड या ट्रंपेटवाल्याने त्यांना आधीच बजावलं होतं, म्हणून हे जमलं. हा तपशील लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

‘हेड हंटर्स’वर हार्वे मेसनने त्या गाण्याला नवा, संथ, मांडी घालून बसलेला ठेका दिला. आणि तुम्ही म्हणता ती उचकी बिल समर्सची आहे. हातात बियरची बाटली. बाटलीत एक फुंकर, लगेच तोंडाने एक स्वर, पुन्हा फुंकर. बाटलीचा स्वर एकच, बाकीचे गळ्याचे. थर चढवत नेले की पाच-सहा जण जंगलात एकमेकांना साद घालतायत असं वाटतं.

ही कल्पना समर्सची नाही. मध्य आफ्रिकेतल्या बाबेन्झेले या वनवासी लोकांत ‘हिंदेव्हू’ नावाची पद्धत आहे: पपईच्या देठाची एकस्वरी शिट्टी आणि गळ्याचा स्वर, आलटून पालटून. शिकारीहून परतताना ती वाजवतात. सिम्हा आरोम या संशोधकाने तिथे जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण १९६६ मध्ये तबकडीवर निघालं. समर्सने लोकसंगीताचा अभ्यास केला होता. त्याने तिथली ही पद्धत उचलली आणि बाटलीत भरली.

उचलली हाच शब्द मी मुद्दाम वापरला. पुढे १९९४ मध्ये मॅडोनाच्या ‘सँक्चुअरी’ या गाण्यात हॅनकॉकच्या या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला गेला, रीतसर परवानगीने, हॅनकॉकचं नाव देऊन. बाबेन्झेलेंचं नाव नाही, त्यांना पै नाही. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने १९९६ च्या एका निबंधात ही सगळी वंशावळ मांडली. त्याने बऱ्याच आधी हॅनकॉकनाच फोन करून याबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा होता की ही भावाभावांमधली गोष्ट आहे, ती आम्ही आपसांत बघू; तिकडे जाऊन विचारायची मला गरज वाटत नाही.

अमेरिकेतला काळा माणूस आफ्रिकेतल्या माणसाला भाऊ म्हणतो, यामागे काय काय आहे ते मी समजू शकतो. पण सातबारा एकाच भावाच्या नावावर आहे, हेही दिसतं. आणि हा तोच माणूस, ज्याला स्वतःच्या गाण्याचा हक्क जपायला वेळेवर कोणीतरी सांगितलं होतं.

पण फार ताठ मानेने लिहायची सोय मला नाही. ऐंशीच्या दशकात एका चित्रपटासाठी रायगडाच्या बाजूच्या एका आदिवासी बाईंना स्टुडिओत आणलं होतं. त्या धान्य पाखडताना म्हणायचं एक गाणं गायल्या, दोन कडवी, सूप हातात घेऊन. टेप मीच लावली, मायक्रोफोनही मीच त्यांच्या उंचीला आणला. चित्रपट आला तेव्हा ती धून तशीच होती, नावं मात्र दुसऱ्यांची. बाईंना चहा आणि येण्याजाण्याचं भाडं मिळालं. त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं; आवाज स्वच्छ आला याचाच आनंद होता. ‘वॉटरमेलन मॅन’ सुरू झालं की हल्ली पहिली वीस-तीस सेकंदं मला ते सूप आठवतं.

कव्हरवर हॅनकॉकच्या डोक्याच्या जागी ते काय बसवलंय? माझी मुलगी घाबरते. — एक वाचक, ठाणे

मुलीला सांगा, तो मुखवटा पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांच्या क्प्ले-क्प्ले मुखवट्यावरून घेतलाय. गोल चेहरा, वर शिंगं. त्यात चित्रकार व्हिक्टर मोस्कोसोने एक गंमत केली: तोंडाच्या भागाचा आकार टेप-हेडच्या डीमॅग्नेटायझरचा आहे. ही वस्तू तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. टेप यंत्राच्या हेडवर दिवसभरात चुंबकत्व साचतं आणि आवाजात सूंऽऽ यायला लागते. म्हणून रोज सकाळी पहिल्या रेकॉर्डिंगआधी ते उतरवावं लागतं. वीस वर्षं माझा दिवस त्या वस्तूने सुरू झाला. ती कॅसेट ऐकली तेव्हा कव्हर पाहिलंच नव्हतं. पुढे चोर बाजारात एलपी हाती लागली आणि मी दुकानात उभ्या उभ्या हसलो. दुकानदाराला वाटलं भाव ऐकून हसतोय. त्याने दहा रुपये कमी केले.

यात तबला आहे का? कोणीतरी म्हणालं, आहे. — एक तबलावादक, पुणे

नाही. तुमच्या सांगणाऱ्याची गल्लत झालीय, पण गल्लत शेजारच्याच घराशी आहे. माइल्स डेव्हिसचा ‘ऑन द कॉर्नर’ १९७२ मध्ये मुद्रित झाला, त्यात तबला आहे. वाजवणारे बादल रॉय, मूळचे आताच्या बांगलादेशातल्या कुमिल्लाचे. त्याच अल्बमवर हॅनकॉक आहेत आणि मॉपिनही आहेत. माइल्सलाही तेव्हा स्लाय स्टोनने पछाडलं होतं. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. एकाच दुकानातून माल घेऊन दोन स्वयंपाक्यांनी काय काय केलं ते दिसेल. ‘ऑन द कॉर्नर’ला तेव्हाच्या समीक्षकांनी धुतलं, आणि ‘हेड हंटर्स’सारखा खपही त्याच्या वाट्याला आला नाही.

मूळ अमेरिकन प्रत महाग पडते. घ्यावी का? आणि चार स्पीकरची म्हणून एक प्रत मिळते, ती काय भानगड आहे? — एक वाचक, न्यू जर्सी

हौस असेल तर घ्या, पण आवाजासाठी म्हणून घेत असाल तर नंतरची एखादी चांगली आवृत्ती निम्म्याहून कमी पैशांत काम भागवते. जुनी प्रत घेताना पहिली बाजू बघू नका. ती सगळ्यांनी झिजवलेली असते. दुकानदाराला दुसरी बाजू लावायला सांगा, शेवटचं ‘व्हेन मेल्टर’. तिथे ड्रम्सची मंद लष्करी चाल आहे आणि वर मॉपिनचं बेस क्लॅरिनेट धुरासारखं पसरत जातं. एवढ्या हलक्या आवाजात एक ओरखडासुद्धा लपत नाही. शिवाय ते गाणं लोक ऐकतच नाहीत, त्यामुळे तुमचं तरी होईल.

चार स्पीकरची प्रत म्हणजे क्वाड्रोफोनिक. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी काही वर्षं हा खेळ करून पाहिला. घरात तशी यंत्रणा नसेल तर ती भिंतीवर टांगायला बरी.

मी सहावीत आहे. बाबांनी मला ते बाटलीचं गाणं ऐकवलं. मला तसं वाजवता येईल का? — चिपळूण

येईल. काचेची बाटली घे, तोंड अरुंद हवं. खालचा ओठ बाटलीच्या काठाला टेकव आणि फुंकर आत नको, समोरच्या काठावर मार. पहिले दोन दिवस नुसती हवा जाईल आणि चक्कर आल्यासारखं वाटेल. मग बसून कर. आवाज आला की थोडं पाणी घाल. पाणी वाढलं की आतली हवा कमी होते आणि स्वर वर चढतो. घरी पेटी असेल तर तो स्वर पेटीवरच्या एखाद्या पट्टीशी जुळव आणि तिथे बाटलीवर पेनाने खूण कर.

आता अवघड भाग. बाटली ‘हू’, तू ‘हा’, बाटली ‘हू’, तू ‘हा’. तुझा ‘हा’ बाटलीपेक्षा वरचा हवा आणि मध्ये श्वासाला थांबायचं नाही. जमलं की मैत्रिणीला दुसरी बाटली दे आणि तू गप्प असशील तिथे तिला वाजवायला सांग. शिकारीहून येताना ही पद्धत वाजवणाऱ्या लोकांचं नाव बाबेन्झेले, ते तिलाही सांग.

आणि बाटली कोकम सरबताची घे. आईला सांग, काकांनी सांगितलंय.